कोळंबी विषाणूशी कशी लढते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळंबीपालक, मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी आणि काचेच्या टाकीत कोळंबी पाळणारे हौशी लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अपवाद आणि गुंतागुंत नंतर. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक उत्तरं पिनीड कुळातल्या कोळंबीला, म्हणजे व्हन्नामेई, टायगर, कुरुमा वगैरेंना लागू आहेत, कारण अभ्यास प्रामुख्याने त्यांच्यावरच झाला आहे.

१. कोळंबीला मुळात रोगप्रतिकारशक्ती असते का?

असते, पण ती फक्त जन्मजात प्रकारची. माणसाच्या शरीरात दोन फळ्या असतात. एक जन्मापासून तयार असते आणि कोणत्याही परक्या जंतूवर लगेच धावून जाते. दुसरी एकेका जंतूची नेमकी ओळख पटवून ती वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. ही दुसरी फळी कोळंबीकडे नाही. तिच्यात लिंफोसाइट पेशी नसतात आणि अँटिबॉडीही तयार होत नाहीत.

यावरून कोळंबी विषाणूपुढे अगदी हतबल असते असं बरेच जण समजतात. तसं असतं तर हा प्राणी एवढ्या प्रदीर्घ उत्क्रांतीतून तगलाच नसता. समुद्राच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये लाखो विषाणुकण असतात. त्यांतले बहुसंख्य जिवाणूंवर जगणारे असले तरी कोळंबीचा जन्म, कात टाकणं, जखमा होणं, सगळं त्याच पाण्यात होतं. तिची हत्यारं वेगळी आहेत, आणि खालच्या बहुतेक उत्तरांत त्यांचीच माहिती आहे.

२. अंगावर एवढं कवच असताना विषाणू आत शिरतो कुठून?

कवच हा पहिला अडथळा खराच. अन्ननलिकेचा पुढचा आणि मागचा भागसुद्धा आतून कवचातल्याच कायटिन या पदार्थाने मढवलेला असतो, आणि मधल्या आतड्यात अन्नाभोवती एक पातळ पडदा तयार होतो. तरीही वाटा उरतातच: कल्ल्यांची पातळ त्वचा, जखमा, आणि मुख्य म्हणजे तोंड. आजारी किंवा मेलेल्या कोळंबीला बाकीच्या कोळंब्या खातात, आणि व्हाइट स्पॉट हा जीवघेणा विषाणूजन्य रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाण्याचा हा फार मोठा मार्ग आहे. अंडी घालणाऱ्या मादीकडून पिलांकडेही विषाणू जातो.

एक वाट बराच काळ दुर्लक्षित राहिली होती. कोळंबीच्या डोक्यात, स्पर्शिकांच्या मुळाशी उत्सर्जनाची ग्रंथी असते आणि तिचं छिद्र बाहेर उघडतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या छिद्रातून विषाणू आत जाऊ शकतो असं दिसलं. कात टाकण्याच्या सुमारास ही वाट अधिक मोकळी होते. कात टाकलेली, मऊ कवचाची कोळंबी रोगाला लवकर बळी पडते हे पालकांचं जुनं निरीक्षण आहे. त्याला या संशोधनाने एक ठोस कारण दिलं.

३. कोळंबीच्या रक्तातल्या पेशी नेमकं काय काम करतात?

कोळंबीच्या रक्ताला हिमोलिम्फ म्हणतात. ते बंद नळ्यांमधून वाहत नाही. शरीराच्या पोकळ्यांतून खेळतं आणि अवयव त्यात बुडालेले असतात. त्यातल्या पेशी म्हणजे हिमोसाइट. त्यांचे तीन प्रकार सांगतात: कणिका नसलेल्या, थोड्या कणिका असलेल्या आणि कणिकांनी भरलेल्या. परका कण गिळणं, मोठ्या कणाला घेरणं, रक्त गोठवणं, जंतुनाशक प्रथिनं सोडणं आणि मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार करणारी विकरं (एन्झाइम) बाहेर टाकणं ही कामं त्या आपसांत वाटून करतात. या पेशी पोटाच्या वरच्या बाजूला असलेल्या ऊतीत तयार होतात.

पिनीड कोळंबीत लिम्फॉइड नावाचा आणखी एक अवयव असतो, यकृत-स्वादुपिंडाजवळ. विषाणूचा संसर्ग लांबला की त्यात पेशींचे गोल पुंजके जमतात. परकं काहीतरी गाळून एका जागी अडकवून ठेवण्याची ती सोय असल्याचं मानलं जातं. सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके दिसले की कोळंबी बऱ्याच दिवसांपासून कुठल्या तरी विषाणूशी झुंजत असावी, अशी शंका जाणकाराला येते.

रक्ताला निळसर छटा देणारं हिमोसायनिन हे तांबंयुक्त प्रथिनही नुसतं ऑक्सिजन वाहत नाही. रक्तद्रवातल्या प्रथिनांत त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. ते स्वतः, आणि त्याचे तुकडे, जंतूंविरुद्ध काम करतात.

४. अँटिबॉडी नाही, तर परका कोण हे कळतं कसं?

जंतूंच्या अंगावर किंवा त्यांच्या वाढीत ठरावीक खुणा असतात. कोळंबीच्या अंगात नैसर्गिकपणे न आढळणाऱ्या साखरेच्या साखळ्या, जिवाणूंच्या भिंतीचे घटक, दुहेरी धाग्याचा आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) वगैरे. या खुणा ओळखणारी प्रथिनं आधीपासून तयार असतात. लेक्टिन हा त्यांतला मोठा गट. काही लेक्टिन व्हाइट स्पॉट विषाणूच्या बाह्य आवरणातल्या प्रथिनांना चिकटतात. पेशीच्या पृष्ठभागावरचे टोल नावाचे ग्राहकही (खूण पकडणारी प्रथिनं) इशारा आत पोहोचवतात. त्यातून डॉर्सल, आणि आयएमडी नावाच्या दुसऱ्या संदेशमार्गातून रेलिश, ही प्रथिनं केंद्रकात जाऊन जंतुनाशक प्रथिनांची जनुकं चालू करतात.

कोळंबीत डीस्कॅम नावाचं एक जनुक आहे. त्याचे तुकडे वेगवेगळ्या पद्धतीने जोडून एकाच जनुकापासून प्रथिनाची असंख्य रूपं तयार होतात. त्यामुळे अँटिबॉडीचा पर्याय सापडला, अशी आशा अनेकांना वाटली. डीस्कॅमचं वैविध्य खरं आहे. पण ते अँटिबॉडीसारखी नेमकी, टिकाऊ स्मृती देतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि तसं छातीठोकपणे सांगणाऱ्या मजकुराकडे मी सावधपणे बघतो.

५. विषाणूविरुद्ध कोळंबीचं सर्वांत प्रभावी हत्यार कोणतं?

माझ्या मते आरएनए इंटरफेरन्स. बाकीची बरीच हत्यारं जिवाणू आणि बुरशी यांच्याविरुद्ध जास्त चालतात. हे मात्र थेट विषाणूच्या वाढीवर घाव घालतं.

बहुतेक विषाणूंच्या वाढीत कधी ना कधी दुहेरी धाग्याचा लांब आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत असा लांब दुहेरी आरएनए सहसा नसतो, त्यामुळे तो दिसणं हीच धोक्याची घंटा. डायसर नावाचं विकर त्याचे सुमारे २२ अक्षरांचे छोटे तुकडे करतं. हे तुकडे आर्गोनॉट या प्रथिनाच्या हाती पडतात. आर्गोनॉट त्यातला एक धागा ठेवतं, दुसरा फेकून देतं आणि ठेवलेला धागा पुरावा म्हणून वापरून त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए शोधत फिरतं. सापडला की कापतं. म्हणजे कोळंबी विषाणूच्याच अंगाचा तुकडा घेऊन त्याच्याविरुद्ध नेम साधते. प्रत्येक विषाणूसाठी वेगळं हत्यार आधीच बनवून ठेवायची गरज पडत नाही. अँटिबॉडीशिवायही नेमकेपणा कसा साधता येतो, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्हन्नामेई कोळंबीला दुहेरी आरएनए टोचून पाहिला. त्याचा विषाणूशी काही संबंध नसला तरी टॉरा आणि व्हाइट स्पॉट या दोन्ही विषाणूंविरुद्ध थोडं संरक्षण मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की विषाणूच्याच जनुकाशी जुळणारा आरएनए दिला तर संरक्षण कितीतरी जास्त मिळतं. म्हणजे इथे दोन प्रतिसाद एकत्र काम करतात: एक सर्वसाधारण सावधगिरीचा, दुसरा नेमका.

६. व्हाइट स्पॉटचा विषाणू तर डीएनएचा. मग आरएनए कापून काय उपयोग?

चांगला प्रश्न, आणि विद्यार्थी हमखास इथेच अडकतात. विषाणूची जनुकं डीएनएत असली तरी प्रथिनं बनवण्यासाठी त्याला आधी संदेशवाहक आरएनए तयार करावाच लागतो. तो कापला की प्रथिन बनत नाही. शिवाय या विषाणूचा डीएनए सुमारे ३ लाख अक्षरजोड्यांचा आहे. त्यावर शेजारची जनुकं उलटसुलट दिशांनी वाचली जातात, त्यामुळे काही ठिकाणी एकमेकांना पूरक आरएनए तयार होऊन दुहेरी धागा जुळून येतो. डायसरला तेवढं पुरतं. संसर्ग झालेल्या कोळंबीत या विषाणूचे असे छोटे आरएनए तुकडे प्रत्यक्ष सापडले आहेत.

७. माणसाप्रमाणे कोळंबीत इंटरफेरॉन असतं का?

आपल्यासारखं इंटरफेरॉन, म्हणजे शेजारच्या पेशींना विषाणूपासून सावध करणारं प्रथिन, नाही. पण व्हॅगो नावाचं एक प्रथिन त्याच धर्तीचं काम करतं. संसर्ग झालेली पेशी ते बाहेर सोडते आणि त्यामुळे आसपासच्या पेशींत जॅक-स्टॅट हा संदेशमार्ग चालू होतो. व्हन्नामेईत व्हॅगो चालू करणारं नियंत्रक प्रथिन आपल्या इंटरफेरॉन-नियंत्रकांच्याच घराण्यातलं आहे.

८. जखम काळी पडते तसा विषाणूही काळवंडून मरतो का?

थेट तसं नाही. मेलॅनिन तयार करणारी साखळी प्रामुख्याने जिवाणू, बुरशी आणि जखमा यांच्यासाठी आहे. मात्र ही साखळी चालताना तयार होणारी मधली रसायनं विषाणूलाही त्रासदायक ठरतात. व्हाइट स्पॉट विषाणूकडे ही साखळी अडवणारं स्वतःचं प्रथिन आहे. त्यावरून त्यालाही तिची अडचण होत असावी असा अंदाज बांधता येतो.

९. संसर्ग झालेल्या पेशी स्वतःला संपवतात असं वाचलं. हे फायद्याचं की तोट्याचं?

दोन्ही. विषाणू वाढायच्या आत एखाद्या पेशीने स्वतःला संपवलं तर विषाणूचा कारखाना बंद पडतो. म्हणूनच व्हाइट स्पॉट विषाणू या प्रक्रियेला रोखणारी प्रथिनं सोबत घेऊन येतो आणि पेशीला आपलं काम होईपर्यंत जिवंत ठेवतो. गंमत अशी की मरणासन्न कोळंबीत ज्या पेशी स्वतःला संपवताना दिसतात, त्यांतल्या अनेकांत विषाणू नसतोच. शेजारच्या निरोगी पेशी हकनाक जातात. विषाणूचा डोस कमी ठेवून, पेशी संपवण्यासाठी लागणारं कॅस्पेज-३ हे विकर बंद केलं तेव्हा व्हन्नामेईचं मरण कमी झालं, असं २००८ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे बचावाची प्रतिक्रियाच कधी कधी जीव घेते. प्रश्न १४ मधली सहनशीलतेची कल्पना इथूनच पुढे जाते.

१०. एवढी हत्यारं असूनही व्हाइट स्पॉट आला की तीन ते दहा दिवसांत अख्खं तळं का मरतं?

कारण या विषाणूला कोळंबीची प्रतिकारयंत्रणा आतून माहीत आहे. हा विषाणू निमाव्हिरिडी कुळातला. १९९२ च्या सुमारास पूर्व आशियात त्याची साथ दिसली, आणि काही वर्षांतच तो आशियाभर व पुढे अमेरिका खंडांतही पसरला. तो कल्ले, कवचाखालची त्वचा, लिम्फॉइड अवयव आणि रक्तपेशी तयार करणारी ऊती यांतच वाढतो. म्हणजे ज्यांनी लढायचं, तीच माणसं आधी पाडतो. संसर्ग वाढतो तसतशी रक्तातल्या पेशींची संख्या घसरते आणि रक्त गोठणंही मंदावतं.

त्याहून भयंकर म्हणजे तो कोळंबीचेच धोक्याचे इशारे स्वतःसाठी वापरतो. त्याच्या सर्वांत आधी चालू होणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीला अशा जागा आहेत जिथे कोळंबीचं स्टॅट आणि डॉर्सल-रेलिश गटातली प्रथिनं येऊन बसतात. प्रतिकार चालू करण्यासाठी धावलेली ही प्रथिनं तिथे बसली की विषाणूचंच जनुक जोरात वाचलं जातं. भरीला तो पेशीची साखर जाळण्याची पद्धत बदलतो आणि स्वतःच्या वाढीला लागणारा कच्चा माल तयार करून घेतो. अशा वेळी निकाल बहुतेकदा दोन गोष्टींवर ठरतो: सुरुवातीला किती विषाणू शिरला, आणि त्या वेळी कोळंबी किती ताणाखाली होती.

११. कवचावरचे पांढरे ठिपके म्हणजे प्रतिकाराच्या खुणा का?

नाही. कवचाखालच्या त्वचेचं काम बिघडल्यामुळे कॅल्शियमचे क्षार तिथे साचतात. व्हन्नामेईत ठिपके न दिसताही मरतूक होते आणि काही जिवाणूंमुळेही तसे ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून निदान करू नका.

१२. एकदा वाचलेली कोळंबी पुन्हा त्याच विषाणूने आजारी पडते का?

पडू शकते, पण लगेच नाही. व्हाइट स्पॉटमधून वाचलेल्या कुरुमा कोळंबीला पुन्हा तोच विषाणू दिला तेव्हा तिने तो बऱ्यापैकी झेलला. हा प्रतिकार साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसतो आणि दोनेक महिन्यांत ओसरतो. अँटिबॉडी नसताना हे कसं घडतं याचं एकच सर्वमान्य उत्तर नाही. शिल्लक राहिलेला थोडा विषाणू आणि त्यापासून सतत तयार होणारे आरएनए तुकडे हे माझ्या मते सर्वांत पटण्याजोगं कारण आहे.

१३. मग लस शक्य आहे का?

प्रयोगशाळेत, मर्यादित अर्थाने, हो. विषाणूच्या आवरणातलं व्हीपी२८ हे प्रथिन टोचून किंवा ते तयार करणारे निष्क्रिय केलेले जिवाणू खाद्यातून देऊन टायगर कोळंबीचं मरण कमी करता आलं, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. पण संरक्षण काही आठवड्यांतच ओसरलं. लाखो कोळंब्यांना एकेक करून सुई टोचणं तर अशक्यच. 'कोळंबीची लस' म्हणून कुणी काही विकत असेल तर आधी विचारा: संरक्षण किती दिवसांचं, कोणत्या डोसपुढे, आणि न दिलेल्या कोळंबीशी तुलना करून पाहिलंय का?

१४. पीसीआर पॉझिटिव्ह आला, पण कोळंबी ठणठणीत आहे. हे कसं?

अगदी शक्य आहे. कवचधारी प्राण्यांत विषाणू बाळगून निरोगी राहणं हे नेहमीचं आहे. कधी कधी एकाच कोळंबीत दोन-तीन विषाणू सापडतात. थायलंडमध्ये काम करणारे संशोधक टिमोथी फ्लेगेल यांनी १९९८ मध्ये यावर एक कल्पना मांडली: विषाणूला हाकलून देण्यापेक्षा त्याच्याशी जुळवून घेणं ही कोळंबीची खास पद्धत असावी. म्हणूनच नव्या विषाणूच्या पहिल्या साथीत प्रचंड मरतूक होते आणि काही पिढ्यांत तोच विषाणू असूनही कोळंबी जगू लागते.

पालकांसाठी याचा अर्थ महत्त्वाचा आहे. जगलेली कोळंबी विषाणूमुक्त असेलच असं नाही. खारटपणात अचानक बदल, अमोनिया वाढणं, ऑक्सिजन कमी पडणं, हाताळणी, अंडी घालण्याचा काळ, यांपैकी कशानेही दबलेला विषाणू उसळतो. अशी कोळंबी प्रजननासाठी वापरणं म्हणजे रोग पुढच्या पिढीला देणं.

१५. पीसीआर पॉझिटिव्ह, पण विषाणू मुळात नसतोच, असंही होतं का?

होतं, आणि हा या यादीतला सर्वांत अवघड अपवाद. आयएचएचएन या विषाणूच्या डीएनएचे तुकडे काही टायगर कोळंब्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रांत कायमचे बसलेले आढळले. ही माहिती २००६ मध्ये पुढे आली. त्या तुकड्यांतून संसर्ग होत नाही, पण चाचणीचा प्रायमर (विषाणूचा ठरावीक भाग शोधणारा छोटा डीएनए तुकडा) नेमका त्याच भागाला जुळत असेल तर अहवाल पॉझिटिव्ह येतो. अशा वेळी विषाणूच्या डीएनएच्या वेगळ्या भागाला जुळणाऱ्या प्रायमरने पुन्हा चाचणी करावी, आणि ऊतीत रोगाच्या खुणा आहेत का तेही पाहावं.

या तुकड्यांचा प्रतिकाराशी संबंध असावा. कोळंबीच्या पेशीतलं उलट-लेखन करणारं विकर विषाणूच्या आरएनएपासून डीएनएचे तुकडे बनवतं. त्यांपासून तयार झालेला आरएनए पुन्हा प्रश्न ५ मधल्या यंत्रणेला माल पुरवतो. तुकडा प्रजननपेशीत बसला तर तो वारशाने पुढे जातो. असं असेल तर अँटिबॉडीविना स्मृती, तीही पिढ्यान्‌पिढ्यांची, कोळंबीकडे आहे. अलीकडच्या प्रयोगांत विषाणूच्या अशा डीएनए-प्रती कोळंबीला दिल्यावर त्याच विषाणूची वाढ घटलेली दिसली. मला स्वतःला या क्षेत्रातली ही सर्वांत रोमांचक दिशा वाटते.

१६. एका विषाणूचा संसर्ग दुसऱ्यापासून वाचवतो का?

कधी कधी. आयएचएचएनने आधीच ग्रासलेल्या निळ्या कोळंबीत व्हाइट स्पॉटची वाढ मंदावल्याचं दिसलं आहे. म्हणून मुद्दाम संसर्ग घडवायला जाऊ नका. हाच आयएचएचएन व्हन्नामेईत वाढ खुंटवतो आणि शरीर वेडंवाकडं करतो.

१७. पाणी गरम ठेवलं की व्हाइट स्पॉट थांबतो हे खरं का?

बऱ्याच अंशी. ३२ ते ३३ अंश सेल्सियसला व्हन्नामेईत विषाणूची वाढ दबते आणि जगणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढतं. पण विषाणू नाहीसा होत नाही. तापमान उतरलं की मरतूक पुन्हा सुरू होऊ शकते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि जिवाणू जोमाने वाढतात, तेही ध्यानात ठेवावं. तापमान दिवसरात्र खालीवर होणं हे सर्वांत वाईट.

१८. बीटा-ग्लुकान, व्हिटॅमिन सी अशी 'प्रतिकारशक्तिवर्धकं' चालतात का?

बीटा-ग्लुकान हा बुरशीच्या भिंतीचा घटक. तो दिल्यावर रक्तपेशी सावध होतात आणि विकरांची क्रिया वाढते, हे मोजता येतं. पण मोजलेली क्रिया वाढणं आणि विषाणूच्या साथीत कोळंबी जगणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातींत नेमकी हीच गल्लत असते. शिवाय सतत देत राहिल्यास प्रतिसाद मंदावतो, म्हणून ठरावीक काळ देऊन मधे खंड ठेवतात. व्हिटॅमिन सीची कमतरता असेल तर ती भरून काढणं गरजेचंच. पुरेसं असताना त्याचा मारा करून विषाणू हटत नाही.

१९. एसपीएफ बीज (तळ्यात सोडायची पिलं) म्हणजे रोग न होणारं बीज ना?

नाही, आणि या गैरसमजाने फार नुकसान होतं. एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त असल्याची तपासणी करून वाढवलेला साठा. त्यात प्रतिकार जास्त असतोच असं नाही. दूषित पाण्यात सोडलं की तेही मरतं. प्रतिकारक वाण ही वेगळी गोष्ट आहे. १९९२ मध्ये इक्वाडोरमध्ये टॉरा नदीच्या परिसरात दिसलेल्या टॉरा रोगाविरुद्ध निवड पद्धतीने चांगले प्रतिकारक व्हन्नामेई वाण तयार झाले. व्हाइट स्पॉटविरुद्ध तेवढं यश सहज मिळालेलं नाही. प्रश्न १० वाचल्यावर त्याचं कारण लक्षात येईल.

२०. अँटिबायोटिकने विषाणू मरतो का?

नाही. सोबत आलेल्या व्हिब्रिओसारख्या जिवाणूंवर परिणाम झाला तरी विषाणू तसाच राहतो, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात.

२१. आरएनए इंटरफेरन्स एवढं प्रभावी आहे, तर दुहेरी आरएनए खाद्यातूनच का देत नाहीत?

प्रयत्न सुरू आहेत. जिवाणूंमध्ये दुहेरी आरएनए तयार करून तो खाद्यावर लावला तर काही संरक्षण मिळतं. विषाणूच्या जनुकाऐवजी, त्याला पेशीत वाट करून देणाऱ्या कोळंबीच्याच रॅब७ या प्रथिनाचं जनुक दाबूनही व्हाइट स्पॉट आणि यलो हेड या दोन्ही विषाणूंची वाढ रोखता आली आहे. पण टोचलेला आरएनए जितका चालतो तितका खाल्लेला चालत नाही. पाण्यात तो विरघळून जातो, पोटातली विकरं त्याचे तुकडे करतात, आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तापर्यंत फार थोडा पोहोचतो. म्हणून कायटोसान या कायटिनपासून मिळणाऱ्या पदार्थाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळणं, सूक्ष्म शैवालात तयार करणं असे उपाय तपासले जात आहेत. दुसरी अडचण संशोधनाचीच. कीटकांच्या पेशी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवता येतात, तशी सगळीकडे सहज वापरता येईल अशी कोळंबीची पेशीमालिका अनेक दशकं प्रयत्न करूनही रुळलेली नाही. त्यामुळे प्रत्येक शंका जिवंत कोळंबीवर तपासावी लागते, आणि प्रत्येक कोळंबीत आधीपासून कोणता विषाणू दडलाय (प्रश्न १४) हे आधी बघावं लागतं.